रस निवळल्याशिवाय गूळ उजळत नाही

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घरात आले की घागरीत तुरटी फिरवावी, किंवा निवळीचे बी उगाळून पाण्यात मिसळावे, ही रीत जुनी आहे. काही वेळाने गाळ तळाशी बसतो व वरचे पाणी नितळ होते. शहरांच्या पाणीपुरवठ्यातील निवळण-टाक्या आणि साखर कारखान्यांतील रस निवळण्याची मोठी पात्रे याच तत्त्वावर चालतात. गुऱ्हाळाच्या काहिलीतही हेच काम करावयाचे असते. परंतु पुष्कळ गुऱ्हाळांत त्याची जागा आता डब्यातील पांढऱ्या पावडरीने घेतली आहे. ही अदलाबदल ऊस उत्पादकाच्या हिताची नाही.

चरकातून निघणारा रस म्हणजे केवळ साखरेचे पाणी नव्हे. त्यात चिपाडाचे बारीक कण, माती, कांडीवरील मेण, प्रथिने व डिंकासारखे पदार्थ असतात. मोठे कण गाळणीत अडतात अथवा टाकीच्या तळाशी बसतात. कण जितका लहान, तितका तो सावकाश बसतो. व्यास निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो. अतिसूक्ष्म कण तर बसतच नाहीत, कारण त्यांवर एकाच जातीचा विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांस दूर लोटतात. पाणी असते तर ते रात्रभर ठेवता आले असते. उसाचा रस तसा ठेवला तर आंबतो. म्हणून या कणांना थोड्या वेळात एकत्र आणून त्यांचे पुंजके बनविणे, हाच खरा उपाय होय.

हे काम तीन गोष्टी मिळून करतात. ताज्या रसाचा सामू साधारण 5.2 ते 5.4 असतो. चुन्याच्या निवळीने तो 6 च्या थोडा वर आणला की चुना रसातील फॉस्फेटशी संयोग पावतो व त्याचा साका कणांना धरून ठेवतो. उष्णतेने प्रथिने गोठतात. भेंडीची हिरवी खोडे ठेचून काढलेला बुळबुळीत रस उरलेल्या कणांना एकमेकांत गुंतवितो. कारखान्यातील पात्रात हा साका तळाशी बसतो व नितळ रस वरून वाहून जातो. काहिलीत मात्र हवेचे बुडबुडे त्याला चिकटतात व तो मळीच्या रूपाने वर येतो. रस खळखळ उकळण्यापूर्वी हा थर पूर्णपणे काढला पाहिजे. त्या वेळी जाळ मंद ठेवला नाही, तर मळी फुटून पुन्हा रसात मिसळते. मग कितीही झारा फिरविला तरी ती हाती लागत नाही. चुनाही बेताचाच हवा. तो जास्त झाल्यास गूळ काळा व मऊ होतो.

पावडर, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, यांपैकी काहीच करीत नाही. ती एक कणही बाहेर काढीत नाही. केवळ रसातील रंगद्रव्यांचा रंग उडविते. मळी जेथे होती तेथेच राहते, दिसेनाशी मात्र होते. हा उजळपणा टिकतही नाही. साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. शिवाय गंधकाचा अंश गुळात उरतो. केंद्र शासनाच्या 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी गुळातील सल्फर डायऑक्साइडला दहा लक्ष भागांत 70 भाग ही मर्यादा घातली. मूठभर पावडर अंदाजाने टाकणाऱ्या गुळव्याजवळ ही मर्यादा मोजण्याचे कोणतेही साधन नसते.

यावर शेतकऱ्याचे उत्तर ठरलेले असते: सौद्यात पिवळ्या ढेपेला दर मिळतो, तांबूस ढेपेला मिळत नाही. हे उत्तर खोटे नाही, आणि म्हणूनच सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. जोवर खरेदीदार डोळ्यांनी रंग पाहून बोली लावील, तोवर पावडर विकली जाईल. बाजार समित्यांनी बिनपावडरीच्या गुळाचा सौदा वेगळा काढावा आणि नमुना पाण्यात विरघळवून त्याची स्वच्छता पाहावी, ही मागणी गूळ उत्पादकांनी एकमुखाने केली पाहिजे. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव राखावयाचे तर ते गुणावरच राखता येईल. उसन्या रंगावर नव्हे.

तोपर्यंत गावपातळीवरील कार्यकर्त्यांना हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. भेंडी मागे पडली ती मुख्यतः गुऱ्हाळाच्या वेळी हिरवी झाडे हाताशी नसतात म्हणून. पावसाळ्यात उसाच्या कडेने भेंडीची एखादी ओळ लावल्यास घरच्या भाजीची सोय होते व गुऱ्हाळासाठी खोडेही मिळतात. दुसरे काम त्याहूनही सोपे आहे. काचेच्या दोन पेल्यांत कोमट पाणी घ्यावे. एकात पावडरीचा व मळी नीट न काढलेला गूळ आणि दुसऱ्यात भेंडीने निवळलेला गूळ सारख्या वजनाने विरघळवावा व तासभर स्थिर ठेवावा. पेल्याच्या तळाशी जे दिसेल, ते भाषणाने पटवून द्यावे लागणार नाही. हा प्रयोग गुऱ्हाळावर करावा, चावडीवर करावा आणि अडत्यांच्या समोर तर अवश्य करावा. ढेपेचा रंग फसवू शकतो. पेल्यात बसलेला गाळ कोणालाही फसवीत नाही.