शिळे आणि ताजे

माझ्या ताईच्या लग्नाला नऊ वर्षे झाली. मूल नाही. गेल्या उन्हाळ्यात ती उपचारासाठी बेळगावला आमच्याकडे राहिली होती. प्रयोगशाळेत तयार झालेला भ्रूण त्याच महिन्यात गर्भाशयात ठेवायचा, की गोठवून एकदोन पाळ्या जाऊ देऊन मग, असा प्रश्न डॉक्टरांनी तिच्यापुढे ठेवला. तिने तो घरी सांगितला मात्र, आणि स्वयंपाकघरात न्यायालयच भरले! "शिळे ते शिळेच," आत्या म्हणाली. शेजारच्या अक्कांनीही "तंगळु" म्हणत नाक मुरडले. भाषा दोन, निकाल एक. ताई मात्र गप्प होती.

भाकरीचा न्याय भ्रूणाला लावावा काय? मला वाटते, नाही. भाकरी शिळी होते, कारण तिच्यात बदल चालूच राहतात. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये भ्रूणाच्या जीवनक्रिया थांबलेल्या असतात. पूर्ववत तापमानाला आणताना एखादा दगावतो, हे खरे. पण टिकतो तो शिळा नव्हे.

३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यात भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तीच मुळी गोठवलेल्या भ्रूणातून. डॉ. सुभाष मुखोपाध्यायांचे हे काम सरकारी समितीने खोटे ठरवले. १९८१ साली त्यांनी आपले जीवन संपवले. समजून न घेता नाकारण्याची किंमत केवढी असते!

पण म्हणून गोठवणेच सदैव श्रेष्ठ, असेही नव्हे. इंजेक्शनांमुळे अंडाशय फार सुजण्याचा धोका असेल, तर थांबणे हिताचे. उलट २०१८ साली चीन व व्हिएतनाममधील दोन मोठ्या चाचण्यांत, अंडाशयाचा पीसीओएस हा विकार नसलेल्या स्त्रियांना दोन्ही पद्धतींनी मूल होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. गोठवण्याला खर्च अधिक. पुढे गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोकाही काहीसा अधिक. तेव्हा सरसकट सगळ्यांना 'गोठवा' म्हणणारा डॉक्टरही आत्याइतकाच चुकतो.

ताईचे अंडाशय सुजले होते. तिने थांबायचे ठरवले. यश येईल की नाही, कोण सांगणार? पण निर्णय तिचा होता, आणि तो समजून घेतलेला होता. आपण शिकलेल्या मुलामुलींनी एवढे तरी करावे : घरात असे न्यायालय भरले, की जिच्या देहाचा प्रश्न आहे तिला आधी बोलू द्यावे.