चाळिसाचे पंधरा कुणी केले?

माजी सैनिक बंधूंनो, आणि त्यांच्याआधी वहिनींनो,

हे पत्रक कॅन्टीनच्या रांगेत किंवा ईसीएचएस दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी तुमच्या हातात दिलं असेल. घडी घालून खिशात टाकू नका, रांगेत वेळ आहेच. आणि वाचून झालं की घरी न्या, कारण यातलं निम्मं घरच्या बाईसाठी लिहिलेलं आहे.

आमच्या सातारा भागात फौजेतून आलेला शिपाई असो, नाईक असो, हवालदार असो, गाव त्याला मेजरच म्हणतं. आमच्या गल्लीतही एक मेजर आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून राष्ट्रीय रायफल्समध्ये गेले, काश्मीर खोऱ्यात राहून आले. फौजेतला जोडीदार कसा गेला ते कधी सांगत नाहीत. तारीख मात्र आम्हाला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी ते जेवत नाहीत. पलंगावर झोपत नाहीत. ओसरीवर भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसल्या बसल्या डुलकी घेतात. रात्रीतून तीनदा कडी तपासतात. वरातीचे फटाके सुरू झाले की उठून उसाच्या फडाकडे चालू लागतात, अनवाणी. एकदा धाकट्या पोराने गमतीने मागून येऊन डोळे झाकले, तर त्याचा हात मोडता मोडता राहिला. त्यानंतर आठवडाभर बाप पोराच्या समोर आला नाही.

फौजेतून बाहेर पडताना मेडिकल बोर्डाने मनाच्या या आजाराला ४० टक्के अपंगत्व लिहिलं. काही वर्षांनी फेरतपासणीचं पत्र आलं. मेजरनी पहाटे उठून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चमकवले. वहिनी गोळ्यांची पिशवी घेऊन बरोबर गेल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. आत त्यांना कुणी बोलावलं नाही. आत विचारलं ते असं: आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, झोप कशी आहे, गोळ्या घेता का. मेजरनी वार सांगितला, त्र्याण्णव सांगितले आणि झोपेबद्दल म्हणाले, ‘ठीक आहे साहेब.’ वीस मिनिटांत बाहेर. कागदावर आकडा आला १५ ते १९.

वहिनी परतीच्या एसटीत म्हणाल्या, ‘झोपंचं त्यांना काय इचारायचं? त्यांच्या झोपंचं मला म्हाईत.’

फौजी माणूस साहेबासमोर उभा राहून ‘ठीक नाही’ म्हणत नाही. तसं न म्हणण्यासाठीच त्याला घडवलेलं असतं. पहिल्या दिवसापासून परेड ग्राउंडवर जे अंगात भिनवलं, तेच पुढे मेडिकल बोर्ड बरं झाल्याचा पुरावा म्हणून वाचतं. मी युनिटच्या ऑफिसात क्लार्क होतो. असले कागद माझ्याही टाइपरायटरखालून गेले आहेत, आणि तेव्हा मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. हे लिहिताना ती लाज आहेच.

आता आकड्याचा हिशेब बघा, कारण खरी मेख तिथे आहे. शेवटचा पगार ४०,००० धरा. शंभर टक्के अपंगत्वाला पेन्शनमध्ये त्याचे ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये. अपंगत्व पन्नासच्या आत असेल तर ते गोल करून ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर असेल तर १००, अशी सरकारचीच २००१ ची पद्धत आहे. ती फक्त आजारपणामुळे घरी पाठवलेल्यांना लागू, मुदत संपवून निवृत्त झालेल्यांना नाही, असं सरकार म्हणत राहिलं. १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो भेद मोडून काढला. तर मेजरच्या ४० चे झाले ५०, म्हणजे ६,००० रुपये आणि वर महागाई भत्ता. आता ४० चे ३० केले तर? काही फरक नाही, तीसही पन्नासच धरतात. २५ केले तरी तेच. पण २० च्या खाली एक आकडा उतरला की त्या ६,००० चं शून्य. बोर्डाची कात्री नेमकी १५ ते १९ च्या रकान्यात येऊन थांबते, हा मला तरी योगायोग वाटत नाही.

आणि हे माणसाच्या चटकन लक्षातही येत नाही. १९६१ च्या पेन्शन नियमावलीतल्या १८६ व्या नियमाप्रमाणे अपंगत्वाचा हिस्सा बंद झाला तरी सेवेचा हिस्सा चालूच राहतो. खात्यात पैसे येत असतात. कमी का आले म्हणून बँकेत विचारलं तर बँक म्हणते पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर बघा, आणि स्पर्श म्हणजे पोराच्या मोबाईलवरचा पासवर्ड, तो पोरगा पुण्याला.

फेरतपासणीला आपला विरोध आहे का? नाही. पण ७ फेब्रुवारी २००१ चा संरक्षण मंत्रालयाचा आदेश एकदा नीट वाचा. दर काही वर्षांनी बोर्डासमोर उभं करायची जुनी पद्धत त्या आदेशाने बंद केली. अपंगत्व कायमचं ठरलं असेल तर तो निर्णय आयुष्यभरासाठी अंतिम. कायमचं नसेल तर फेरतपासणी एकदाच, आणि तिचा आकडाही आयुष्यभरासाठी अंतिम. सैनिकाने स्वतः मागितली तरच पुन्हा तपासणी. आदेश सैनिकाच्या भल्यासाठीच काढला होता. पण त्याचा अर्थ असाही होतो की इस्त्रीच्या शर्टातली ती वीस मिनिटं मरेपर्यंत पुरणार आहेत. ज्याला दुसऱ्या फेरतपासणीची तारीख आली असेल, त्याने हा आदेश दाखवून कारण विचारावं. ज्याची एकमेव फेरतपासणी अशी उरकली गेली, त्याने आदेशातलाच शेवटचा भाग धरून स्वतः तपासणी मागावी.

मोडलेला पाय एक्स-रेमध्ये दिसतो. मनाचा आजार भरतीओहोटीसारखा असतो. चार महिने बरे जातात, मग एखाद्या वासाने, डिझेलच्या किंवा जळक्या गवताच्या, सगळं पुन्हा अंगावर येतं. शिवाय गोळ्या चालू आहेत, घरच्यांनी फटाके बंद केलेत, पोरं मागून येत नाहीत, रात्री दिवा ठेवलेला असतो. एवढा सगळा टेकू लावल्यावर माणूस उभा दिसतो. काठीवर चालणाऱ्याला, चालतोयस की, म्हणून लंगडेपणा रद्द करायचा, असला हा प्रकार आहे.

ज्या देशाने १९८० मध्ये या दुखण्याला आज सगळे वापरतात ते पीटीएसडी हे नाव आपल्या मानसोपचाराच्या ग्रंथात दिलं, त्या अमेरिकेतही माजी सैनिकांचे टक्के कापले जातात. पण कापण्याआधी तिथे प्रस्ताव लेखी कळवावा लागतो, पुरावे द्यायला ६० दिवस मिळतात, ३० दिवसांत सुनावणी मागता येते. पाच वर्षं टिकलेला आकडा असेल आणि आजार चढउतार होणारा असेल, तर सगळा पुरावाच तसं स्पष्ट सांगत नसेल, तोवर एका तपासणीवर तो कमी करता येत नाही. मनाचे आजार त्या नियमात नावानिशी घातले आहेत. सुधारणा रोजच्या साध्या जगण्यात टिकेल का, हेही बघावं लागतं. वीस वर्षं टिकलेला आकडा, लबाडी केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय, खाली आणताच येत नाही. अमेरिकेचं सगळंच गुण्यागोविंदाने चाललंय असं नाही, तिथले सैनिकही वर्षानुवर्षं भांडतात. पण भांडायला हातात नियम आहे. आपल्याकडे कापल्यावर कळतं.

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत असंही नाही, ते आपल्याला कुणी सांगत नाही. १९८२ च्या नियमांच्या परिशिष्टात सेवेच्या ताणाने वाढणाऱ्या आजारांच्या यादीत मनाचे आजार पहिल्यापासून होते. त्याच नियमांत म्हटलं होतं की आजार सेवेमुळे झाला हे सैनिकाने सिद्ध करत बसायचं नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा. २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावलं: भरती होताना कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट आला होता असंच धरायचं. त्याच वर्षी वीर पाल सिंग यांच्या खटल्यात, तो स्किझोफ्रेनियाचा होता, न्यायालयाने सांगितलं की बोर्डाचं मत तज्ज्ञांचं असलं तरी ते तपासायला न्यायालयाचे हात बांधलेले नाहीत, आणि नव्याने तपासणी करायला लावली. मे २०२५ मध्ये अशाच आजाराच्या आणखी एका प्रकरणात कारणं न देणाऱ्या बोर्डाचा कागद न्यायालयाने मानला नाही.

आणखी एक प्रकार असतो, तो जास्त संतापजनक. बोर्ड टक्के देतं आणि हिशेब खात्यातला बाबू, ज्याने सैनिकाला डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, ते खाली आणतो. मोहिंदर सिंग नावाच्या सॅपरच्या बाबतीत असं झालं होतं. १९९३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने विचारलं की डॉक्टरांच्या मतावर हिशेबनीस कसा बसतो. त्याला आता तीस वर्षं उलटून गेली. तुमच्या कागदावर बोर्डाचा आकडा एक आणि पेन्शनच्या आदेशावरचा (पीपीओवरचा) दुसरा असेल, तर हा निकाल तुमच्यासाठी आहे.

समोरच्या बाजूचं म्हणणंही मला माहीत आहे. काही लोक निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब, साखर दाखवून अपंगत्व घेतात, मोठमोठ्या हुद्द्यावरचेही. घेत असतील. त्यांना धरा ना, कुणी अडवलंय? पण त्यांच्याकडे वकील आहेत, ओळखी आहेत, इंग्रजी आहे. गाळणी घट्ट केली की गाळात राहतो तो आमचा शिपाई. २१ सप्टेंबर २०२३ ला नवे नियम आले, त्यात सेवेत राहून निवृत्त होणाऱ्याला मिळणाऱ्या पैशाचं नावही बदलून ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ केलं. रिलीफ म्हणजे मदत. पूरग्रस्तांना देतात ती. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाच्या गावापुढे ‘मिलिटरी’ लागतं; तिथे घरटी फौजी आहे. त्या गावात जाऊन ‘तुम्हाला मदत देतोय’ असं म्हणून बघा.

आता करायचं काय. बोर्डाच्या सगळ्या कागदांची प्रत मागा. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम २५ आपले वैद्यकीय कागद आपल्याला मिळण्याचा हक्क देतं, तेही अर्जात लिहा. कागद आला की एकच गोष्ट शोधा: सुधारणा झाली असं म्हणताना पहिल्या बोर्डाच्या नोंदींशी तुलना केली आहे का, का नुसता आकडा बदललाय. मग सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील, ते फेटाळलं तर दुसरं, आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अर्ज लिहायला येत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. एकटे जाऊ नका, दोघे-तिघे जा. उशीर झाला म्हणून घरी बसू नका. पेन्शन चुकीची कापली तर ती चूक दर महिन्याला नव्याने होते, असं २००८ च्या तरसेम सिंग निकालाचं सूत्र आहे. थकबाकी मात्र साधारण तीन वर्षांपुरतीच मिळते, तेव्हा दर महिन्याच्या उशिराला एक महिना जातो.

वहिनींनो, आता तुमच्याशी. आजपासून एक वही घाला. तारीख, किती वाजता उठले, काय झालं, फडात गेले का, कुणावर हात उचलला का, गोळी चुकली का. हात उचलल्याचं लिहायला जड जाईल, तरी लिहा. काही वाढवून लिहू नका, खोटं एक निघालं की दहा खरी बुडतात. बोर्डाच्या तारखेला ती वही आणि तुमचं सहीचं निवेदन आत द्या आणि पोच घ्या. ‘बाहेर थांबा’ म्हणाले तर थांबा, पण पोच घेतल्याशिवाय हलू नका. आणि त्यांना सांगा, दाढी नाही केली तरी चालेल.

आमचं मागणं सरकारकडे आहे. मनाच्या आजाराचा आकडा कमी करायचा असेल तर आधी लेखी कळवा, एका भेटीवर कापू नका, घरच्या माणसाचं ऐकून ते कागदावर घ्या, कारण लिहा, आणि अपील चालू असेपर्यंत पैसे थांबवू नका.

मेजरचं अपील गेल्याला सात महिने झाले. पोच आहे, उत्तर नाही. वहिनींची वही भरत आली. दिवाळीच्या चार रात्री त्या दोघांनी फडाच्या कडेला खोपीत काढल्या. वहीत तेवढ्या तारखांपुढे एकच ओळ आहे, ‘झोपले न्हाईत, पर हितं बरं हाय.’