असंच चालायचं?

माझा भाचा चौदा वर्षांचा, स्वमग्न. आपाचं घर शहागडला हायवेलगत. ट्रकचा हॉर्न वाजला की पोरगा कान दाबून कोपऱ्यात बसतो. गेल्या वर्षी याच भीतीपायी त्याची शाळा सुटली. मोहल्ल्यात सल्ला मिळाला, "याला बाहेरचं लागलंय, ताविज बांधा." आपाने बांधला. मग वडीगोद्री, अंबड करत शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "ऑटिझम आहे ना? मग असंच चालायचं."

मला सांगा, या दोन उत्तरांत फरक काय?

स्वमग्नता हा आजार नाही, ती मुलाची घडण आहे. पण तिच्यासोबत येणारी तीव्र चिंता हा वेगळा त्रास आहे आणि त्यावर उपचार आहेत. जगभरचे अभ्यास एकत्र केले तर दर दहा स्वमग्न मुलांपैकी सुमारे चौघांना हा त्रास दिसतो. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या ज्युडी रीव्हन यांनी अशा मुलांसाठी गटातली उपचारपद्धती बसवली. चित्रं, मुलाच्या आवडीचे विषय, आईबाप सोबत आणि भीतीकडे एकेक पायरी. ही पद्धत त्यांनी इतर ठिकाणच्या डॉक्टरांनाही शिकवली. म्हणजे हे शिकवता येतं!

आपल्याकडे काय? 2016 च्या कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वात स्वमग्नता घेतली. त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत फिरतात. पथकात दोन आयुष डॉक्टर असतात, तपासणीच्या यादीत स्वमग्नताही आहे. मूल ओळखायचं आणि पुढे पाठवायचं. पण पुढे ज्याच्याकडे पाठवायचं, त्याला या मुलाची भीती ओळखायला कोणी शिकवलं?

कुणी म्हणेल, खेड्यात साधा डॉक्टर मिळत नाही आणि तुम्हाला चिंतेचा उपचार हवाय! अहो, मी नवी इमारत मागत नाही. जे मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आज पगारावर आहेत, त्यांना शिकवा. एका दिवसाचं भाषण आणि चहा-बिस्कीट नको. प्रत्यक्ष मुलं समोर, चुका दाखवणारा जाणकार शेजारी, असं शिकवा.

आणि आपल्या लोकांना एक विनंती. दुआ जरूर करा. पण आपासारख्या आईला "नजर लागली" म्हणून घरी बसवू नका. तिच्यासोबत जिल्ह्याच्या दवाखान्यात जा आणि विचारा, "याची भीती कोण बघणार?" उत्तर मिळेपर्यंत विचारा.