मटकी, मोबाईल आणि साडेतीन सेकंद



मागच्या पालक सभेत एका आजोबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, दर सभेला तुम्ही सांगता पोरांच्या हातात मोबाईल देऊ नका. आणि वर्गात तुम्हीच त्यांना व्हिडिओ करायला लावता. मग आम्ही ऐकायचं कुणाचं, जूनमधल्या बाईंचं की ऑगस्टमधल्या?" सभा हसली. मीही हसले, पण उत्तर नीट देता आलं नाही. घरी येऊन भाकऱ्या थापताना सुचलं. (उत्तरं तेव्हाच सुचतात, नाही का!) म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. प्राथमिकच्या मुलांनी वर्गासाठी छोटे व्हिडिओ जरूर करावेत. पण शाळेत, शिक्षकाच्या फोनवर, चेहरा न दाखवता, आणि ते कुठेही न टाकता. यातली शेवटची अट मी चूक करून शिकले. ती चूक पुढे सांगतेच.

माझी शाळा पनवेल तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. वर्ग चौथीचा. वर्गात आगरी घरातली मुलं आहेत, मराठवाड्यातून कामासाठी आलेल्यांची आहेत, आणि घरी हिंदी बोलणारीही तीनचार आहेत. परिसर अभ्यासात बी रुजतं कसं हे शिकवायचं होतं. दरवर्षी मी काय करायचे, तर ओल्या कापडात मटकी बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड दाखवायचे, फळ्यावर आकृती काढायची, झालं. मुलं आकृती छान काढतात. पण "मोड आधी खाली जातो की वर?" असं विचारलं की अर्धा वर्ग छताकडे बघतो.

या वर्षी मी त्यांना आधी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत प्रदर्शित झाला, हे आपण सामान्यज्ञानात पाठ करून घेतो. त्याच्या आधीची गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. १९१२ मध्ये फाळके लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. पण सिनेमाला पैसे कोण देणार? कुणाचा विश्वास बसेना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर मांडला आणि रोप वाढत जाईल तशी त्याची चित्रं घेत राहिले. तयार झाला जेमतेम मिनिटभराचा चित्रपट, 'अंकुराची वाढ'. तो पाहून पैसे देणाऱ्यांना पटलं की हा माणूस काहीतरी करू शकतो. म्हणजे बघा, आपल्याकडच्या सिनेमाची पायाभरणी एका वाटाण्यावर झाली! मुलांना हे इतकं आवडलं की एकाने लगेच विचारलं, "बाई, मग आपण मटकीचा करूया?"

आणि आम्ही केला. साधनं काय? माझा फोन, खिडकीजवळचा बाक, जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा, आणि अर्धी कापलेली प्लास्टिकची बाटली. मटकी बाटलीच्या कडेला लागून पेरली, म्हणजे मूळ बाहेरून दिसतं. फोन कुठे ठेवायचा ते खडूने आखून घेतलं. दिवसातून तीन फोटो: शाळेत आल्यावर, जेवणाच्या सुट्टीत आणि घरी जाताना. शनिवारी अर्धी शाळा, म्हणून दोनच. पाळी हजेरीच्या क्रमाने. एक जण फोटो काढणार, दुसरा वहीत तारीख, वेळ आणि काय दिसलं ते एका ओळीत लिहिणार.

या वहीबद्दल मला खरं तर वेगळा लेख लिहायला हवा. एरवी "निरीक्षण लिहा" म्हटलं की सगळे शेजारच्याचं बघून लिहितात. इथे शेजारच्याचं बघून चालतच नाही, कारण त्या वेळी तिथे फक्त तुम्ही होतात. "आज काही झालं नाही" असंही एकाने लिहिलं. मी ते खोडलं नाही. निरीक्षणच आहे ते.

अडचणी भरपूर आल्या. जुलैचा पाऊस, त्यामुळे एका फोटोत लख्ख उजेड आणि दुसऱ्यात संध्याकाळ झाल्यासारखं. एकाने प्रेमाने पाणी घालताना बाटलीच फिरवली, मग रोप अचानक पाठमोरं झालं. मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या फोनमधली जागा संपली, लग्नाचे जुने व्हिडिओ काढून टाकावे लागले. (घरी अजून सांगितलेलं नाही.)

दोन आठवड्यांत चौतीस फोटो जमले. ते फोनवरच्या एका फुकट अ‍ॅपमध्ये ओळीने लावले आणि चालवून बघितले. सेकंदाला दहा फोटो. सगळा वर्ग माझ्या फोनवर वाकलेला. झूप! संपलंसुद्धा. साडेतीन सेकंदही भरले नाहीत. दोन आठवड्यांची मेहनत आणि साडेतीन सेकंद! मुलांचे चेहरे पडले. मग मी विचारलं, एक फोटो अर्धा सेकंद थांबवला तर? पाव सेकंद थांबवला तर? अपूर्णांक शिकवायला मी कागदाच्या पोळ्या कापत बसते दरवर्षी. त्या दिवशी चौतीसचं निम्मं सतरा हे वर्गाने मला ओरडून सांगितलं, कारण उत्तर त्यांना हवं होतं. आमचा व्हिडिओ सतरा सेकंदांचा झाला.

त्यात दोन ठिकाणी रोप टुणकन उडी मारतं. ते दोन रविवार. एक मुलगा म्हणाला, "रविवारी त्याला घाई असते." दुसरी म्हणाली, "नाही, रविवारी आपण नसतो." माझ्या मते त्या दिवशीचा पाठ इथेच झाला होता. मूळ आधी खाली जातं, हे विचारायची गरजच उरली नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, असे तयार व्हिडिओ ढिगाने मिळतात. मिळतात ना. आता तर एक वाक्य टाईप केलं की व्हिडिओ बनवून देणारी साधनंही आली आहेत. मी एकदा घरी करून पाहिलं. देखणा व्हिडिओ आला, पण त्यातलं रोप मटकीचं नव्हतं. आणि मटकीचं असतं तरी माझ्या मुलांनी बघितलं काय असतं? त्यांना पाणी घालावं लागलं नसतं, वाट बघावी लागली नसती. नव्या साधनांशी माझं भांडण नाही. चिठ्ठ्या, प्रश्नपत्रिका यासाठी मी ती वापरते. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या जागी बघण्याचं काम त्यांना देऊ नये.

आपल्या राज्यात व्हिडिओचं वावडं कधीच नव्हतं. रणजितसिंह डिसले सरांनी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांवर आले, आणि २०२० मध्ये सरांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्याच वर्षी शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची. आपणही तेव्हा घराच्या भिंतीला फळा टांगून व्हिडिओ केलेच की. मी केलेल्या एका व्हिडिओत मागे कुकरच्या चार शिट्ट्या आहेत. पण या सगळ्यात व्हिडिओ करणारे आपण, मुलं बघणारी. डी.एड.ला असताना आम्ही शैक्षणिक साहित्य रात्र रात्र जागून बनवायचो आणि सराव पाठाला मुलांना लांबून दाखवायचो, "हात लावू नका, फाटेल." तीच सवय आपण फोनपर्यंत आणली असं मला वाटतं.

आता ती चूक.

सतरा सेकंदांच्या व्हिडिओला आवाज हवा होता. एका मुलीने स्वतःहून हात वर केला. ही मुलगी वर्गात बोलतच नाही. वाचायला उभं केलं की पुस्तकात तोंड लपवते. पण फोन तोंडाजवळ धरून कोपऱ्यात गेली आणि एका दमात सांगून आली. तिच्या घरी आगरी बोलतात. आगरीत 'ळ'चा बऱ्याचदा 'ल' होतो. तिने म्हटलं, "आज मटकीला मूल आला." मला इतका आनंद झाला होता की मी तो व्हिडिओ तसाच वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. वर तिचं नावही लिहिलं. शाबासकी म्हणून.

कुणीतरी तो पुढे पाठवला. कुणी ते मी शोधत बसले नाही. दोन दिवसांत गल्लीतली मोठी पोरं तिला विचारू लागली, "काय गं, मटकीला मुलगा झाला की मुलगी?" ती शाळेत यायची थांबली.

मी तिच्या घरी गेले. आई दारातच म्हणाली, "मॅडम, आमचे घरान सगले असाच बोलतान. मंग तिचा चुकला काय?" मला खरंच उत्तर नव्हतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिचा आवाज तिने वर्गासाठी दिला होता, मी तो गावाला वाटला. तिला विचारलं नाही, आईला विचारलं नाही. ग्रुपमध्ये सगळे आपलेच आहेत, असं मनात धरून चालले. ग्रुपला दार नसतं, हे मला कळायला हवं होतं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालची सगळी मुलं 'मूल' धरली आहेत आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. यूट्यूबवर स्वतःचं खातं काढायलाही वय तेरा लागतं. मला कायद्यातलं फार कळत नाही. पण त्या दारात उभी असताना मला कायदा आठवला नव्हता, ती पोर आतून डोकावत होती तेवढंच दिसत होतं.

तेव्हापासून मुलांचा व्हिडिओ मी ग्रुपवर टाकत नाही. शाळेच्या टीव्हीवर लावते, पालकांना बघायचा असेल त्यांनी शाळेत यावं. वर्ष संपलं की फोनमधून काढून टाकते. व्हिडिओत हात दिसतात, वस्तू दिसतात, मुलांनी काढलेली चित्रं दिसतात. शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव बघायला गेलो, तो व्हिडिओ तर आम्ही नुसत्या चित्रांवर केला. मुलांनी १८४५ चं घर काढलं, एडनचा तुरुंग काढला. चित्रात एडन कुठे, पनवेल कुठे, मध्ये समुद्र किती, यावर तासभर वाद झाला. चेहरा नसल्यामुळे काही अडलं नाही. उलट केस नीट आहेत का, कपडे कसे आहेत, हे सगळं बाजूला पडलं.

कधी कधी आपल्याकडे उपक्रम केल्याचा पुरावा म्हणून लिंक मागितली जाते. मी वहीच्या पानाचा फोटो देते. आतापर्यंत चाललंय. तुम्हीही देऊन बघा.

पालकांनो, तुमच्यासाठी एकच. मूल घरी येऊन म्हणालं, "फोन द्या, शाळेचा व्हिडिओ करायचाय," तर देऊ नका. माझ्या वर्गात तरी व्हिडिओ घरी करायला सांगत नाही. घरी करायला दिला की तो आईबाबा करतात, आपल्याला माहीत आहे. ज्याच्या घरी चांगला फोन त्याचा व्हिडिओ चांगला, आणि ज्याच्या बाबांचा एकच फोन रात्री कामावर जातो, त्याने काय करायचं? मूल वर्गात काय बघून आलं ते मात्र जरूर विचारा.

ती मुलगी चौथ्या दिवशी आली. मी वर्गाची माफी मागितली, तिची वेगळी मागितली. मग म्हटलं, हवं तर आपण आवाज पुन्हा घेऊ, 'मूळ' म्हणूया. ती काही बोलली नाही. पण परभणीकडचा एक मुलगा म्हणाला, "बाई, आम्ही तर मुळी म्हणतो." हिंदी बोलणारी एक जण म्हणाली, "हमारे में जड बोलते हैं." त्यावर सगळे हसले, कारण मराठीत जड म्हणजे वजनदार. पहिल्यांदाच हसू दुसरीकडे वळलं होतं. तेव्हा ही हळूच म्हणाली, "तिनी ठेवा." आमच्या व्हिडिओत आता मूल, मुळी आणि जड असे तिन्ही आवाज एकापाठोपाठ आहेत. प्रमाण भाषेत त्याला मूळ म्हणतात, हे मी शेवटी सांगते. चौथा आवाज माझा.

आता थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटीचा व्हिडिओ करायचा ठरलाय. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला कसा घालायचा, शेंगा कशा भरायच्या, मडकं उलटं कसं लावायचं, हे दाखवायला त्या सभेतल्या आजोबांनाच बोलावलं आहे. हात त्यांचे, प्रश्न मुलांचे. चेहरा त्यांचाही दाखवणार नाही म्हटल्यावर ते जरा नाराज झालेत. "मग मी नवा सदरा कशाला घालू?" म्हणाले.