आजोबांचा दाखला

बारावीनंतर जात पडताळणीचा अर्ज भरताना माझ्याकडे आजोबांचा शाळेचा दाखला मागितला. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. आम्ही बागवान; ते पहाटेपासून फळांच्या गाडीवर असायचे. अब्बूंच्या दाखल्यावर जातीच्या जागी नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं. ओबीसींना मात्र १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. घरात शिक्षण नव्हतं म्हणून जी सवलत, तिच्यासाठी घरातल्या शिक्षणाचाच कागद!

जन्म-मृत्यूच्या नोंदी, महसुली कागदही चालतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. चुलत आजोबांची जन्मनोंद सापडली, तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम होता. पदव्युत्तर वर्गांत ५० मागे एक. यावर 'आपल्या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही' असं बाहेरचे म्हणतात आणि आपल्या सभांमध्ये आपणही म्हणतो. मला ते पटत नाही. माझ्या फीसाठी अम्मीने बांगड्या मोडल्या. किंमत तिला ठाऊक होती, वाट ठाऊक नव्हती. शिकलेल्या घरातल्या मुलाला कोणती शाखा, कोणती तारीख, कोणता कागद हे जेवताजेवता कळतं. आपल्याकडे ते विचारायलाही माणूस नसतो. मग मूल मागे पडलं की दोष त्याच्या हुशारीला लागतो.

सरकारची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. ती पुन्हा सुरू करा, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण कागद गोळा करायला कुणाची परवानगी लागत नाही. घरातलं मूल आठवी-नववीत असतानाच ते काम सुरू करा. बहिणीचे कागदही करा. 'ती तर सासरी जाणार' म्हणून तिचे राहून जातात. पण मुलीची जात वडिलांकडूनच धरतात, लग्नानंतरही. घरात एकाला वैधता प्रमाणपत्र मिळालं की भावंडांचं काम बरंच सोपं होतं. ते तिलाच आधी मिळालं तर काय बिघडलं?

आणि तुम्ही कॉलेजात पोहोचला असाल, तर मोहल्ल्यातल्या एका तरी मुलाचा किंवा मुलीचा अर्ज यंदा शेजारी बसून भरा. आपल्या घरात नव्हता तो माणूस आता आपणच व्हायचं आहे.