घसाऱ्याचा हिशेब

२१ मे १९८८ रोजी अमेरिकेतील डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर एका डीसी-१० विमानाने भर वेगात उड्डाण रद्द केले. दहापैकी आठ ब्रेक निकामी झाले आणि विमान धावपट्टीबाहेर गेले. ब्रेक झिजलेले होते, तरी नियमात बसत होते. कारण मूळ चाचणी नव्या ब्रेकवर झाली होती! बँकेत आम्ही तारण यंत्राची किंमतसुद्धा घसारा वजा करून धरायचो. अपघातानंतर तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने झिजेच्या मर्यादा सक्तीने कडक केल्या. सक्ती म्हटली की खर्चाची कुरकुर होणारच. पण नुसता सल्ला पुढच्या वर्षावर ढकलता येतो. प्रवाशाला ब्रेक तपासता येत नाहीत. त्याच्या वतीने कायद्यानेच ते बदलायला लावले पाहिजेत.