पोपट कुणाचा झाला?

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला दारावर टकटक झाली. बघते तर खालच्या मजल्यावरची एक ज्युनिअर. मला वाटलं, मेसची कम्प्लेंट असेल नाहीतर एम-थ्रीच्या नोट्स हव्या असतील. तर ती हळूच म्हणाली, "ताई, तुमच्याकडे घरी पक्षी आहेत ना? माझ्या लव्हबर्ड्सना मडकं लावू का गं?"

(रेक्टर मॅडम, प्लीज खोली नंबर विचारू नका. पक्षी आता तिच्या मावशीकडे सुखरूप पोचलेत.)

मी एका शब्दात सांगितलं, "नको." ती हिरमुसली. दुसऱ्या दिवशी तिच्या अख्ख्या ग्रुपने मला मेसमध्ये गाठलं. "बिचाऱ्यांचा संसार होऊ देत नाहीस, किती दुष्ट आहेस!" तिथे पोळी थंड होत होती म्हणून मी वाद घातला नाही. तो वाद इथे घालतेय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपल्याकडे दुकानात ज्यांना सर्रास 'लव्हबर्ड्स' म्हणून विकतात, ते बहुतेक वेळा लव्हबर्ड्स नसतातच. ते असतात बजरीगार, म्हणजे बजी. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पोपटाच्याच कुळातले. 1840 मध्ये जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञाने ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते घराघरांत पसरले. आपला झाडावरचा हिरवा पोपट वेगळा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो पाळणं, विकणं गुन्हा आहे, मग पिंजरा कितीही मोठा असो आणि तो 'विठू विठू' कितीही गोड म्हणो. त्याचं पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर वनविभागाला कळवायचं. तेव्हा पुढचं सगळं बजींबद्दल.

आता माझा किस्सा.

मी सेकंड इयरला असताना धाकट्या भावाने वाढदिवसाला हट्ट करून बजींची जोडी आणली. दुकानदाराने सोबत एक छोटं मडकं दिलं, बाजूला भोक पाडलेलं. "हे बांधा, महिन्यात पिल्लं!" भावाने त्याच दिवशी बांधलं. मादी केवढी आहे, हे कुणी बघितलंच नाही. खरं तर बघणं सोपं असतं. लहान बजीच्या कपाळावरच्या बारीक रेघा पार नाकापर्यंत आलेल्या असतात. तीन-चार महिन्यांनी पिसं बदलली की कपाळ मोकळं होतं. आमच्या मादीच्या रेघा तेव्हा नुकत्या मागे सरकत होत्या. म्हणजे ती स्वतःच अजून पिल्लू होती म्हणा ना! मादी किमान वर्षाची झाल्याशिवाय तिला मडकं दाखवूच नये, हे मला नंतर कळलं.

मी पीएलसाठी घरी आले तेव्हा मडक्यात पाच अंडी होती. पांढरीशुभ्र, गोटीएवढी. पीएलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळ्या गोष्टी किती इंटरेस्टिंग वाटतात, हे तुम्हाला सांगायला नको. मी दिवसातून तीन-चार वेळा टॉर्च घेऊन मडक्यात डोकावायला लागले. एक अंडं उचलून टॉर्चवर धरलं तर आत लाल शिरांचं जाळं दिसलं. काय सांगू, हातातलं अंडं सोडवेना! मग गॅलरीत थंडी लागेल म्हणून मी मडकं उचलून माझ्या खोलीत आणलं. मला वाटलं, मी मदत करतेय.

तिसऱ्या दिवशी मादीने मडक्यात जाणं सोडलं. नुसती दांडीवर बसून राहिली. अंडी गार पडली.

मग काय, इंजिनिअर जागा झाला! थर्मोकोलचा डबा, चाळीस वॅटचा बल्ब, आर्डुइनो, रिले आणि टेम्परेचर-ह्युमिडिटीचा सेन्सर. साडेसदतीस डिग्री सेट केले. सर्किट पहिल्या झटक्यात चाललं, मी फोटो काढून ग्रुपवर टाकले. बल्ब बंद झाला तरी डब्याचं टेम्परेचर पुढे चढतच राहायचं, मग घसरायचं, पुन्हा चढायचं. मी रात्री उठून उठून अंडी फिरवत होते. पाचातली चार आतच थांबली. एक फुटलं, पहाटे. आतून जे निघालं ते जेमतेम दोन ग्रॅमचं असेल. उघडंबोडकं, डोळे मिटलेले, आणि मान वर करून चोच उघडतंय.

त्याला काय भरवायचं ते मला माहीत नव्हतं. आई-बजी पहिले काही दिवस पिल्लांना आपल्या पोटातलं दुधासारखं पातळ अन्न भरवते. ते कुठल्या दुकानात मिळणार? मी सिरिंजने पातळ पेज दिली. पिल्लांना असं भरवताना अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, गार अन्न गळ्याच्या पिशवीत आंबू शकतं, गरम असेल तर ती पिशवी भाजते. हे सगळं मी नंतर वाचलं. ते नक्की कशाने गेलं ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या तळहातावर गेलं, एवढं खरं.

आजी एवढंच म्हणाली, "खुडूक कोंबडीला कुणी हलवतं का गं? तीही पहिलटकरीण!" कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला 'ब्रूडी' माहीत होतं, 'खुडूक' नव्हतं. 'पहिलटकरीण' हा शब्दही मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आजीच्या गावात तो शब्द सगळ्यांना माहीत होता, आणि त्या शब्दाबरोबर काय करायचं नाही तेही माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात कंट्रोल सिस्टिम्सच्या ओरलला एक्स्टर्नलने विचारलं, "ओव्हरशूट म्हणजे काय?" मी उत्तर बरोबर दिलं. बाहेर आल्यावर मात्र रडू आलं.

तर मित्रमैत्रिणींनो, माझं मत असं झालंय की पक्ष्यांना मदत करायची असते ती अंडं येण्याच्या आधी. अंडं आल्यावर आपण जे करतो, त्यातलं बरंचसं आपल्या हौसेसाठी असतं.

आधीची मदत म्हणजे काय? पुढचं वर्षभर आम्ही मडकं काढून ठेवलं. नुसत्या राळ्यांवर ठेवलेल्या मादीकडे अंड्याचं कवच बनवायला कॅल्शियम कुठून येणार? म्हणून बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस आणून पिंजऱ्याला बांधला. नावात फेस असला तरी ते एका समुद्री प्राण्याच्या पाठीतलं कवच असतं. पक्षी ते चोचीने खरवडून खातात. भिजवून मोड आणलेलं धान्य, पालेभाजी, अधूनमधून उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून. (हो, पक्ष्याला अंडं! आईला हे अजून पटलेलं नाही.) मग मडक्यात दोन बोटं लाकडाचा भुसा घातला. कारण तळ गुळगुळीत असेल तर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि तसेच राहतात. जागा आधीच ठरवली, जिथे मांजर येत नाही आणि रात्री गाडीचे दिवे पडत नाहीत. एकदा बांधलं की हलवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पक्ष्यांचे डॉक्टर कुठे बसतात, किती वाजता भेटतात, हे आधी जाऊन विचारून आलो. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघतात असं नाही.

डॉक्टर का, तर पहिलटकरणीचं अंडं अडकू शकतं. मादी पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, जोर काढते, शेपूट वरखाली होते. अशा वेळी पिंजऱ्याला एका बाजूने बल्बची ऊब द्यायची आणि थेट डॉक्टरकडे न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही. पोट दाबून अंडं काढायला तर अजिबात जायचं नाही. अंडं आत फुटलं तर मादी जाऊ शकते.

मागच्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा पीएल, पुन्हा पाच अंडी, एक दिवसाआड एक. या वेळी मी स्वतःला नियम घातला. दिवसातून एकदाच, मादी आपणहून बाहेर आली की, एक नजर. हात घालायचा नाही. आणि बाहेरून जे दिसलं ते मडक्यातल्यापेक्षा भारी होतं! बजींमध्ये अंड्यांवर फक्त मादी बसते. नर दिवसभर दाणे खाऊन येतो आणि भोकापाशी लटकून तिला भरवतो. साधारण अठरा दिवसांनी पहिलं पिल्लू निघालं. अंडी दिवसाआड, म्हणून पिल्लंही जवळपास दिवसाआड. थोरलं चांगलं बाळसेदार झालं तरी धाकटं नुकतंच अंड्यातून आलेलं. पिल्लं आल्यावर मात्र रोजचं बघणं गरजेचं असतं. सगळ्यांच्या गळ्याची पिशवी भरलेली आहे का, पाय सरळ आहेत का, कुणी मेलेलं आत राहिलं नाही ना, भुसा बदलायला झाला का. म्हणजे 'हात लावू नका' याचा अर्थ 'लक्ष देऊ नका' असा नाही, बरं का.

चार पिल्लं निघाली. सगळ्यात धाकटं तिसऱ्या दिवशी गेलं. या वेळी मी काहीही केलं नव्हतं आणि तरीही ते गेलं. हेही होतं. बाकी तिघांना दहाएक दिवसांनी डोळे आले, मग पिसं आली, आणि महिन्याभराने एकेक जण मडक्याच्या तोंडाशी येऊन जगाकडे बघायला लागला. आजीने चक्क दृष्ट काढली.

आता मूळ प्रश्न. मग मी ज्युनिअरला 'नको' का म्हटलं? 'निसर्गाच्या विरुद्ध जाऊ नये' असं तिच्या ग्रुपचं म्हणणं. अहो पण, हॉस्टेलच्या खिडकीत टांगलेला पिंजरा हाच मुळात कुठल्या निसर्गाचा भाग आहे? मडकं लावणं हाही आपलाच निर्णय, आणि न लावणं हाही. मडकं नसलं म्हणून बजी दुःखात मरत नाहीत. दोघं एकमेकांची पिसं खाजवत मजेत राहतात. चुकून पिंजऱ्याच्या तळाशी अंडी आलीच तर ती लगेच फेकायची नसतात, कारण मादी तेवढी भरपाई करायला पुन्हा घालत बसते. अंडी उकळून, गार करून परत ठेवायची. थोडे दिवस बसून ती आपणहून सोडून देते.

आणि हिशोब करा. एका खेपेला चार-पाच पिल्लं. मडकं तसंच ठेवलं तर पिल्लं आत असतानाच मादी पुढची अंडी घालायला लागते आणि पार खंगते. बजी नीट सांभाळला तर सात-आठ वर्षं जगतो. आपलं इंजिनिअरिंग चार वर्षांचं (केटी लागल्या तर गोष्ट वेगळी!). सबमिशनच्या आठवड्यात त्यांचं पाणी कोण बदलणार? मेच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं झाल्यावर सहा पिंजरे कुणाच्या घरी जाणार? आमच्या तीन पिल्लांना घर शोधायला भावाने दीड महिना घातला. दोन शेवटी आमच्याकडेच राहिली. त्यानंतर मडकं माळ्यावर गेलं, ते अजून तिथेच आहे.

ज्युनिअरला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "पण ताई, पिल्लू बघायला किती भारी वाटलं असेल ना?"

वाटलं. खोटं कशाला बोलू? पण भारी मला वाटलं आणि किंमत पहिल्या खेपेला कुणी मोजली, ते वर लिहिलंय. 'माझा पोपट झाला' असं आपण उठसूट म्हणतो. त्या पीएलमध्ये झाला तो माझा नव्हता. तेव्हा मडकं विकत घेण्याआधी फक्त एवढं विचारा, हे मी त्यांच्यासाठी करतेय की माझ्यासाठी? उत्तर आलं की मग ठरवा.

आणि थर्मोकोलचा तो डबा कुणाला हवा असेल तर माझ्याकडून घेऊन जा. त्यात दही छान लागतं.